डाव्या डोळ्याचा आकडा

माझ्या डाव्या डोळ्यात कुठल्या घटकेला किती दाब आहे ते हैदराबादच्या माझ्या मुलाला कळायचं, साताऱ्याच्या नणंदेला कळायचं, नवऱ्याला तर झोपेतसुद्धा कळायचं. मला सगळ्यांत शेवटी कळायचं, तेही कुणी ओरडलं तर.

"अगं, एकवीस झाला! काय करतेयस तू?"

"कढई घासतेय."

"मग रागानं घासत असशील. सावकाश घास."

आता करपलेली कढई काय मांडीवर घेऊन थोपटायची? पण एवढं तोंडातून निघालं की आकडा आणखी चढायचा आणि लगेच हैदराबादहून निनादचा फोन यायचा, "आई, शांत हो ना गं." शांत हो म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी उभ्या जन्मात बघितलेला नाही. तुम्ही बघितला असेल तर सांगा.

मी उल्का पिसाळ. कराडात ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तुम्ही म्हणाल, आता आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्यावर शिकायला येतं कोण? येतात की. त्या गाड्या हायवेच्या राण्या. मंडईच्या बोळात शिरल्या आणि समोर म्हैस आडवी दिसली, की बसल्या हात जोडून. मागं हॉर्नचा हा गोंधळ. शेवटी आतल्यालाच उतरून आधी म्हैस हाकावी लागते आणि मग गाडी. त्यामुळं माझं बरं चाललंय. क्लच सोड म्हटलं की ब्रेक दाबणारी, डावीकडं घे म्हटलं की आधी स्वतःच्या हातांकडं बघणारी, अशी निम्मी माणसं या गावात मी रस्त्याला लावलीत. माझा आवाज मोठा आहे तो त्यामुळं.

एके दिवशी उजव्या बाजूनं आलेला सायकलवाला मला दिसलाच नाही. शिकणारीला दिसला, मला नाही. तेव्हा डोळे तपासले आणि काचबिंदू निघाला.

त्याचं असं असतं. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं. अश्रू नव्हेत, हे आतलं वेगळं. जितकं तयार होतं तितकंच बाहेर जायला हवं, आणि त्यासाठी बुबुळाच्या कडेला जाळीची मोरी असते. मोरी तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस, जी मेंदूकडं चित्र नेते, ती हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि मधलं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणूस खुशाल हिंडत असतो. गेलेली नजर परत मिळत नाही. माझा उजवा डोळा कळायच्या आधीच बराचसा गेला होता. डावा तेवढा चांगला होता, आणि माझं पोट, माझा ताठा, सगळं त्या एका डाव्यावर होतं.

मिरजेच्या डोळ्यांच्या इस्पितळात डॉक्टर फडतरे म्हणून आहे. माझ्या निनादपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल, पण बोलायला चोख.

"काकू, थेंब तुम्ही वेळेवर घालत नाही."

"शिकवता शिकवता कुठं घालणार? समोर ट्रक असतो."

"मग ऑपरेशन. मोठं ऑपरेशन केलं तर दाब छान उतरतो, पण कधी कधी नको इतका उतरतो, डोळा बसतो. बारीक स्टेंट बसवला तर धोका पुष्कळ कमी. मोरीत घातलेली छोटीशी नळी असते ती. वर्षानुवर्षं वापरात आहे. पण दाबही बेतानंच उतरतो. बऱ्याच जणांना थेंब चालूच ठेवावे लागतात."

"म्हणजे जे पुरतं ते धोक्याचं, आणि जे बिनधोक ते पुरत नाही."

"अगदी बरोबर. म्हणून हा नवा स्टेंट आलाय."

नव्या स्टेंटमध्ये बाजरीच्या कणीहून बारीक नळी होती आणि नळीत एक पडदा. दाब वाढला की पडदा उघडायचा, उतरला की मिटायचा. आकडा चष्म्याच्या दांडीतून फोनवर. एकच खोड होती. पडदा मंद. उघडायला अर्धा तास, मिटायला त्याहून जास्त. म्हणून त्याला शिकायची सोय दिलेली. माणसाचा दाब रोज कुठल्या वेळी चढतो ते तो लक्षात ठेवणार आणि त्याआधीच उघडायला लागणार. मला ते फार आवडलं. वळण यायच्या आधी गिअर बदलणारा शिष्य मला इतक्या वर्षांत मिळाला नव्हता, तो डोळ्यात मिळत होता.

डॉक्टरनं सवयी विचारल्या. उत्तरं आमच्या ह्यांनी दिली. डोळा माझा, पण उत्तरं ह्यांची. श्रीरंग पिसाळ तेव्हा पाटबंधारे खात्यात होते, आणि तिथं प्रश्न कुणाला विचारलाय हे न बघता उत्तर द्यायची पद्धत असावी.

"तंबाखू?"

"छे छे."

"चहा, कॉफी?"

"दोन वेळा चहा. तोही बिनसाखरेचा."

"शीर्षासन? वजनं उचलणं? सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य? या सगळ्यानं दाब चढतो, म्हणून विचारते."

"आमच्यात वाजवते ती फक्त हीच, आणि तोंडानंच," हे म्हणाले आणि स्वतःच हसले. डॉक्टर हसली नाही. तेव्हाच ती मला पटली.

मग सोबत्यांची नावं द्यायची होती, म्हणजे आकडा कुणाकुणाला दिसावा आणि काही झालं तर इस्पितळानं कुणाला फोन करावा. पहिला नंबर ह्यांनी स्वतःचा दिला. दुसरा निनादचा. तिसरा शैलावन्संचा, का तर त्यांना काळजी वाटते. "हिला कुठं फोन उचलायला वेळ असतो," असं म्हणून माझा नंबर शेवटी. मीही मान डोलावली. मला वाटलं, बघतील दोन दिवस आणि विसरतील.

ऑपरेशन चहा गार व्हायच्या आत झालं. पुढचे काही महिने खरंच सुखाचे गेले. आकडा बारा-तेरा. थेंब सुटले. तपासणीत नजर होती तितकीच राहिलेली. वाहन खात्याच्या डोळ्यांच्या बोर्डानंही मला पास केलं. मी पेढे वाटले.

मग हे रिटायर झाले.

रिटायर झालेला पुरुष आणि सुट्टीला लागलेलं पोर सारखंच, कशाला तरी हात लावल्याशिवाय राहायचं नाही. ह्यांनी प्रकृतीला हात लावला. कृष्णेच्या घाटावर एक उषःपान मंडळ आहे. पहाटे उठून, चूळ न भरता, तांब्याच्या भांड्यातलं रात्रीचं पाणी उकिडवं बसून पोटभर प्यायचं, आणि मग कोण किती प्यायलं ते एकमेकांना सांगायचं. यातले एक निवृत्त हेडमास्तर म्हणे दोन लिटर पितात. ह्यांनी आठवडाभरात मलाही त्यात ओढलं. उजाडायच्या आत उशाशी तांब्या घेऊन उभे.

"एका दमात. घोट घोट नाही चालत."

"मला तहान नाही हो."

"तहानेचा संबंधच नाही. आतडी धुतली जातात. तुझ्या डोळ्यातली उष्णतासुद्धा निघून जाईल."

हुज्जत घालण्यापेक्षा गिळलेलं परवडलं. डचमळणारं पोट घेऊन मी सकाळच्या बॅचला जायची. नवरा एवढ्या पहाटे उठून आपल्यासाठी काही करतो याचं, खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

त्याच सुमाराला आकडा बिघडला. रोज सकाळी चढायला लागला. अठ्ठावीस, तीस. एकदा तेहेतीस. आणि बरोब्बर माझ्या पहिल्या बॅचच्या वेळेला. मी गाडीत बसून कुणाला तरी "अहो, आरसा भांग पाडायला नाही दिलेला!" म्हणून ओरडत असायची, आणि तिकडं तीन घरांत तीन फोन बोंबलायचे.

रविवारी व्हिडिओवर सभा भरली. आरोपी मी.

"वहिनी, तुमचा मुळात स्वभावच तापट," वन्सं म्हणाल्या. "आता पुरावाच आला की समोर."

"आई, ग्राफ बघ ना," निनाद म्हणाला. "क्लास सुरू झाला की वर जातो. तू शिकवणं बंद कर. पैसे मी पाठवतो."

"मी तुला पैसे मागितलेत?"

"बघ, बघ, चढला!" हे फोन नाचवत म्हणाले.

पूर्वी नवरा-बायकोचं भांडण झालं तर निदान कोण बरोबर यावर तरी वाद व्हायचा. आता मी तोंड उघडलं की आकडा त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायचा. डॉक्टर फडतरेनंही फोनवर विचारलं की सकाळी ताण पडतो का. मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "प्रचंड."

शेवटी मी पाटी उतरवली. नुसती झाकून ठेवली म्हणा, पण बंद म्हणजे बंद. एक महिना घरी बसून बघायचं ठरलं. आलेल्या पोरींना मी दुसऱ्याकडं पाठवलं. त्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं तेव्हापासून मला कुणी नुसती 'पिसाळांची' म्हणत नव्हतं.

महिनाभर मी घरात बसले. मेथी निवडली. कुणावर ओरडले नाही. तरी सकाळचा आकडा तीस.

"आता मनातल्या मनात चिडतेस तू," हे म्हणाले.

यावर माणसानं काय करावं? मन काढून वाळत घालावं?

तरी काही दिवसांनी आकडा हळूहळू उतरायला लागला. अठ्ठावीस, चोवीस, मग वीसच्या आत. सगळ्यांनी जाहीर केलं की शाळा बंद केल्याचा गुण आला. खरी गोष्ट वेगळीच होती, पण ती तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती. डोळ्यातला माझा हुशार शिष्य शिकला होता.

मग उषःपान मंडळाची सहल निघाली, गणपतीपुळ्याला. पाणी पिणाऱ्यांनी पाणी बघायला जायचं. हे आदल्या संध्याकाळीच गेले. जाताना तांब्या भरून ठेवायला विसरले नाहीत.

सकाळी जाग आली तर घरात शांतता. मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. कपभर कडक चहा केला, साखर घालून. आणि मग मी ते केलं जे करायचं नव्हतं. नसीमाबाई मुल्लांना फोन केला.

नसीमाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची बदली पाटणच्या पुढं झालेली, गाडी आल्याशिवाय इलाज नव्हता, आणि लायसनची परीक्षा दुसऱ्या दिवशी. बाई हुशार, पण भित्र्या. समोरून रिक्षा आली की डोळे मिटायच्या. मी म्हटलं, चला, एक चक्कर मारू. एका चकरेनं काय आभाळ कोसळतं?

गावातून निघालो. चांगलं चाललं होतं. माझा फोन किणकिणला. निनाद: "शाबास आई!! सात! बाबा नाहीत तर किती शांत आहेस बघ." पाठोपाठ वन्संचं गुलाबाचं फूल. थोड्या वेळानं परत निनाद: "पाच!!! रेकॉर्ड!" मला पण बरं वाटलं. सगळ्यांनी घंटा लावलेली ती आकडा वर जाण्याची. खाली जाणं म्हणजे पहिला नंबर, अशीच आमची सगळ्यांची समजूत.

कोयनेच्या पुलावर चढलो आणि पुलाचा कठडा हलायला लागला. आधी वाटलं पूलच हलतोय. मग रस्त्याची पांढरी रेघ नागमोडी झाली. मग समोरच्या टेम्पोचा नंबर पुसला गेला, टेम्पोच पुसट झाला. उजव्या डोळ्याचं तर मुळातच नावाला दिसणं. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता. पण पुलाच्या मधोमध दाबू कशाच्या जिवावर? मागं ट्रक आहे की नाही, तेही दिसेना. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"नसीमाबाई, मला दिसत नाहीये."

"काय दिसत नाही, मॅडम?"

"काहीच. सगळं पाण्यात बुडाल्यासारखं झालंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं असावं. मग म्हणाल्या, "म्हणजे आता मी एकटीच बघतेय?"

"हो. घाबरू नका. आधी डावा इंडिकेटर..."

"मॅडम, तुम्ही जरा गप्प बसा. मागचा ट्रक मला ऐकू येऊ दे."

मला आजवर कुणी गाडीत गप्प बसवलं नव्हतं. मी बसले. बाईंनी गाडी पुलाबाहेर काढली, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. मीही रडले. मग त्यांनीच हायवेवरून आपोआप चालणारी गाडी मागवली आणि मला मिरजेला नेलं.

नसीमाबाईंनी वाटेतूनच फोन केल्यामुळं डॉक्टर फडतरे दारातच उभी होती. इस्पितळानं आकडा घसरताना बघितला होता. फोनही केला होता, नियमाप्रमाणं पुन्हा पुन्हा सोबती क्रमांक एकलाच. सोबती क्रमांक एक गणपतीपुळ्याच्या वाळूत फोन आणि चपला ठेवून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते.

"दाब चारवर आलाय, काकू. हवा गेलेल्या फुग्यासारखा डोळा बसलाय, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सुरकुत्या पडल्यात. आज वेगळं काय केलंत?"

"गाडीत बसले. खरं सांगते."

"त्यानं दाब असा उतरत नाही. आठवा. सकाळपासून काय वेगळं?"

"काही नाही गं. उलट सुख होतं. पहाटे कुणी उठवून पाणी घशात ओतलं नाही."

"कसलं पाणी?"

"उषःपान. तांब्याभर. एका दमात."

"तांब्याभर म्हणजे?"

"असेल लिटर-सव्वा लिटर. मोठा आहे आमचा तांब्या."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मला नीट दिसत नव्हतं, पण आवाज आला.

"रोज?"

"रोज. ह्यांच्या रिटायरमेंटपासून."

मग तिनं समजावलं. इतकं पाणी एकदम पोटात गेलं की ते भराभर रक्तात उतरतं, डोळ्यातलं पाणी ज्या बारीक शिरांतून बाहेर पडायचं त्यांच्यातला दाब वाढतो, आणि तुंबलेल्या मोरीचा डोळा तासभर फुगून राहतो. "पूर्वी आमचे सर पेशंटला मुद्दाम लिटरभर पाणी पाजून दाब मोजायचे, मोरी किती तुंबलीय ते बघायला. ती परीक्षा तुम्ही घरी रोज देत होतात." नळीतल्या पडद्यानं ते ओळखलं. रोज पहाटे पूर यायच्या आधी दार उघडायला शिकला. म्हणून आकडा उतरला. आज त्यानं दार उघडलं, पूर आलाच नाही, आणि घरातलं होतं तेच पाणी वाहून गेलं.

"मी सवयी विचारल्या होत्या ना, काकू? कुणीच कसं सांगितलं नाही?"

"अगं, पाणी ही काय सांगायची गोष्ट आहे? पाणी म्हणजे पाणी." आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे माझा राग नव्हता तो?"

"रागानं एखाद-दोन आकडा इकडं तिकडं. तीस नाही होत."

"हे मला लिहून दे," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात."

संध्याकाळी हे आले. पायजम्याची वाळू फरशीवर करकरत होती, आवाज खोल गेलेला. डॉक्टरनं त्यांना सगळं सांगितलं. मग माझ्या खाटेशी बसले.

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहितेय. तेच तर दुखतंय. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. माझी शाळा बंद पाडलीत तुम्ही. माझ्या पोटच्या पोरानं मला खोटारडी ठरवलं. मी तहान नाही म्हटलं तेव्हा ऐकलं नाहीत, चिडले नाही म्हटलं तेव्हा ऐकलं नाहीत. डोळा माझा आहे, पण तो फुटला असता तरी फोन तुम्हाला आला असता."

ते रडत होते, हे मला आवाजावरून कळलं. मला दया आली आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाली की नळीतल्या पडद्याची आठवण पुसता येईल, पण शिकणं बंद ठेवलं तर नजर सांभाळायला परत थेंब लागतील, तेही चुकवून चालणार नाही. शिकणं चालू ठेवायचं तर रोज आदल्या रात्री त्याला सांगायचं की उद्या काय वेगळं आहे, उपास आहे, प्रवास आहे, जागरण आहे. आणि विसरलं तर आठवण करून द्यायला एक सोबती लागेलच.

"चालू ठेव," मी म्हटलं. "मला दिसायला हवंय. पण पहिला नंबर माझा. आकडा फक्त मला दिसणार. मुलगा बंद, वन्सं बंद. सोबती एक, हेच राहू देत. त्यांच्या फोनवर आकडा नको."

"आकडा नाही?" हे दचकून म्हणाले. "मग मला कसं कळणार तुला काय होतंय?"

"विचारायचं."

"म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"तोंडानं विचारायचं. आणि मी सांगेन ते खरं धरायचं."

डोळा सावरायला दीड महिना गेला. सुरकुत्या बहुतेक गेल्या. सरळ रेघ मधे किंचित वाकडी दिसते, ती तशीच राहणार. दिवसाउजेडी शिकवायला डॉक्टरनं परवानगी दिली, बोर्डानंही. नसीमाबाई परीक्षा पास झाल्या होत्या, पण पाटणच्या पुढचा घाट एकट्यानं चढायची हिंमत होत नव्हती. त्यांचाच फोन पहिला आला.

त्या सकाळी मी किल्ली शोधत होते. हे दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. विचारायची सवय नसली की माणसाला असं होतं.

"कसं वाटतंय?"

"बरं," म्हणणार होते. मग म्हटलं, एवढं भांडून मिळवलंय, तर खरं सांगावं. "भीती वाटतेय. पुलावर गेलं की परत तसंच होईल असं वाटतंय. रात्रभर तेच डोळ्यांपुढं होतं."

मला वाटलं, आता म्हणतील, मग नको जाऊस. ओठांवर आलेलं दिसलं मला. त्यांनी ते गिळलं.

"मी मागं बसू का?" ते म्हणाले.

"तोंड बंद ठेवणार असाल तर बसा."

बसले. नसीमाबाईंनी गाडी सुरू केली. कोल्हापूर नाक्यावर एकदा ह्यांनी तोंड उघडलं होतं. मी आरशातून बघितलं, लगेच मिटलं.